वस्त्रांवरील प्राणिकथा : एक दुर्लक्षित ठेवा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सेलू येथे दिलेले व्याख्यान)



घराची वाटणी होते किंवा वाडा पाडून नवे बांधकाम निघते, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. दागिने, दस्तऐवज, भांडी यांचा हिशेब चोख होतो. तळाशी घडी करून ठेवलेल्या कापडांपाशी मात्र कोणाचा हात थांबत नाही. त्यांत जरीचा चंदरवा असतो, मुनिमहाराजांच्या पाठीमागे बांधावयाचा पूंठिया असतो, ग्रंथाचे वेष्टन असते, मण्यांचे तोरण असते. आणि घरातील एखाद्या मुलीने लग्नापूर्वी मॅटीच्या कापडावर फुलीटाक्याने भरलेला, द्राक्षांकडे पाहणारा कोल्हाही असतो. जरीचे कापड चांदी काढणाऱ्याकडे जाते, बाकीचे बोहारणीच्या पाटीत. एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात आजीचे कित्येक महिन्यांचे काम घराबाहेर पडते आणि व्यवहार फायद्याचा झाला असेच सर्वांस वाटते.

आजचा विषय ही कापडेच आहेत. त्यांतही ज्यांवर प्राणिकथांतील प्रसंग भरले, रंगविले अथवा छापले आहेत अशी. जैन समाजात त्यांचा संग्रह व्हावा, यास केवळ हौसेपलीकडचे कारण आहे.

आपल्या वस्त्रांवर प्राणी विपुल. परंतु प्रत्येक प्राणी म्हणजे कथा नव्हे. त्रिशलामातेच्या स्वप्नांतील हत्ती, वृषभ व सिंह हे मंगलचिन्ह आहेत. ऋषभदेवांचा बैल, शांतिनाथांचे हरिण, महावीरस्वामींचा सिंह ही लांछने आहेत. मग कथा ओळखावी कशी? रथ मागे वळलेला व कुंपणात कोंडलेली जनावरे असतील तर तो नेमिनाथांच्या वरातीचा प्रसंग. ध्यानस्थ महावीरांसमोर फणा काढलेला नाग म्हणजे चंडकौशिक. विहिरीत लोंबकळणारा मनुष्य, वर हत्ती, खाली अजगर, मुळे कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर आणि मधाचे पोळे दिसले की ते मधुबिंदूचे दृष्टान्तचित्र समजावे.

या सर्वांत हत्तीची एक कथा सर्वांत चटकन हरवण्याजोगी आहे. ज्ञाताधर्मकथा या आगमात ती येते. राजा श्रेणिकाचा पुत्र मेघकुमार नुकताच दीक्षित झालेला. रात्री त्याचा संथारा दाराजवळ आला. जाणाऱ्या-येणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप झाली नाही. सकाळी तो घरी परतण्याच्या विचाराने भगवंतांपाशी आला. तेव्हा भगवंतांनी त्यास पूर्वभव सांगितला. तो हत्ती होता. वणव्याच्या भयाने त्याने झाडी-गवत उपटून एक मैदान मोकळे केले होते. वणवा लागताच रानातील सर्व प्राणी तेथे दाटीने जमले. अंग खाजविण्यासाठी हत्तीने पाय उचलला, तेवढ्यात त्या मोकळ्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला असता तर ससा चिरडला असता. अडीच दिवस हत्ती तसाच उभा राहिला. वणवा शमला, प्राणी पांगले. त्याने पाय टेकू पाहिला तर तो ताठरलेला, आणि तो विशाल देह कोसळला. त्या अनुकंपेने त्यास मनुष्यजन्म मिळाला.

भरतकामात हा ससा केवढा? पांढऱ्या धाग्याचे दहा-बारा टाके. घासून ते उसवले, किंवा कुणी धुताना निघून गेले, की उरतो नुसता पाय उचललेला हत्ती, आणि पाहणारा म्हणतो, ‘छान नक्षी आहे.’ म्हणून असा हत्ती दिसला तर त्याच्या पायाखाली सुईच्या छिद्रांच्या खुणा शोधाव्यात. ज्यास कथा ठाऊक नाही तो त्या शोधणार नाही. मंदिरात येणाऱ्या किती मुलांना ही कथा ठाऊक आहे, हा प्रश्न वस्त्रसंग्रहाइतकाच गंभीर आहे.

शाळेच्या पुस्तकातील पंचतंत्राशीही जैनांचे नाते आहे. पूर्णभद्र या जैन मुनींनी विक्रम संवत १२५५ म्हणजे इ. स. ११९९ मध्ये सोम नावाच्या मंत्र्याच्या आज्ञेवरून ‘पंचाख्यान’ सिद्ध केले. आर्थर रायडर यांचा १९२५ चा प्रसिद्ध इंग्रजी अनुवाद याच पाठावरून झाला. पंचतंत्राच्या कथा त्याआधीच पहलवी व अरबी भाषांतून पश्चिमेस पोहोचल्या होत्या. फ्रेंच कवी ला फाँतेन याने १६७८ च्या आपल्या दुसऱ्या कथासंग्रहात पिल्पे या भारतीय ऋषीचे ऋण मान्य केले आहे.

कापडाच्या व्यापारात आयुष्य घालविणाऱ्यांस यापुढचा भाग अधिक रुचेल. त्याच काळात भारतीय छापील छिटांनी फ्रान्सची बाजारपेठ अशी काबीज केली, की तेथील विणकरांच्या ओरडीमुळे १६८६ मध्ये सरकारने छिटांवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. बंदी उठताच १७६० मध्ये ओबेरकाम्फ याने पॅरिसजवळ जूई येथे छपाईचा कारखाना काढला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या कारखान्यातून ला फाँतेनच्या प्राणिकथांची दृश्ये छापलेले कापड बाहेर पडले. छीटही येथली, कथांपैकी कित्येक येथल्या. युरोपात हे कापड संग्रहालयांत काचेआड जपले जाते. आपल्याकडे त्याची भावंडे पुसणे म्हणून वापरली जातात.

त्याहून जुने उदाहरण बायोचे. अकराव्या शतकातील, सुमारे ७० मीटर लांबीचा हा भरतपट इंग्लंडवरील स्वारीचा. पण त्याच्या किनारीत कोल्हा-कावळा, लांडगा-कोकरू अशा इसापनीतीच्या कथा भरल्या आहेत. लढाईतील राजांची नावे पटावरच टाक्यांनी लिहिलेली आहेत. तो भरणाऱ्या हातांची मात्र नाहीत.

एक शंका येथे रास्त आहे. जीवदयेची कथा रेशमी धाग्याने भरायची आणि त्या रेशमासाठी कोश उकळत्या पाण्यात टाकायचे, हे कसे? या विसंगतीस उत्तर नाही आणि ती झाकण्याचेही कारण नाही. नवे रेशीम न घेण्याचा नियम अनेक कुटुंबे पाळतात, तो स्तुत्य आहे. परंतु जे वस्त्र पूर्वीच झाले ते फेकल्याने एकही जीव परत येत नाही. उलट त्यावरील कथा तेवढी नष्ट होते.

संग्रह म्हटले की मोठा पैसा डोळ्यांसमोर येतो. अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय १९४९ मध्ये गौतम साराभाई व गिरा साराभाई या जैन घराण्यातील बंधू-भगिनींनी उभे केले, त्यामागे गिरणी होती हे खरे. ती गिरणी बंद पडून वर्षे लोटली, संग्रह टिकला. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वस्त्रे अशा घरगुती वस्तू एकेक करून जमविल्या आणि दिवंगत पुत्र राजाच्या नावे संग्रहालय झाले. आपल्या जिल्ह्यात तर वर्ध्याचे मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेले, खादी व ग्रामोद्योगांचे. सेलूस एवढे नको. ट्रस्टच्या इमारतीत एक कोरडे कपाट आणि एक नोंदवही पुरे.

कापड हाती आले की प्रथम उलटी बाजू पाहावी. हातकामात मागे गाठी दिसतात, धागा एका आकृतीतून दुसरीकडे गेलेला दिसतो. यंत्रकामात खालचा बॉबिनचा धागा सलग धावतो. मागील रंग उन्हाने विटलेले नसतात, म्हणून मूळ छटाही तेथेच कळते. जर खरी की खोटी हे पाहण्यासाठी धागा जाळू नये. जरीचे व रेशमाचे काम घरी धुऊ नये. घडीवर कापड तुटते. म्हणून धुतलेल्या, कांजी काढलेल्या मांजरपाटात घालून नळीवर सैल गुंडाळावे, नळीलाही आधी मांजरपाट लपेटावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट हवा कोंडून बुरशी येते. डांबरगोळ्या कापडास लागू देऊ नयेत. वेखंडाची पुरचुंडी बाजूस ठेवावी. लोखंडी टाचणी तर कधीच नको, गंजाचा डाग जात नाही. आणि फ्रेम करावयाची हौस असेल तर काच कापडास टेकू नये.

नोंदवहीत कापडाचे माप, धागा, टाका, कथा हे रकाने असावेत, परंतु पहिला रकाना करणाऱ्या बाईच्या नावाचा ठेवावा: माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव, आणि शिकविले कोणी. बाकीचे रकाने कापड समोर ठेवून पन्नास वर्षांनीही भरता येतील. हा एक मात्र घरातील वयोवृद्ध बायांना विचारूनच भरावा लागेल. येत्या चातुर्मासात, दुपारच्या वेळी, दोघी-तिघी मुलींनी वही घेऊन घरोघरी जावे आणि ट्रंक उघडण्यापूर्वी आजीला शेजारी बसवून घ्यावे.