जोतं उंच घेणारे



नदीकाठी घर बांधणारा एखादा धोरणी माणूस पारावर म्हणतो, ‘छे, इथवर कुठला पूर येतोय!’ आणि घरी येऊन गवंड्याला सांगतो, जोतं दोन थर आणखी चढव. त्याचं खरं मत गवंड्यालाच ठाऊक असतं.

१९८९ साली शेल कंपनी नॉर्वेच्या समुद्रात ‘ट्रोल’ नावाचा गॅसचा अजस्र फलाट उभारायच्या तयारीत होती. पाण्यापासून तीस मीटर उंची ठेवायची रीत; आराखड्यात ती मीटर-दोन मीटरने वाढवली. कारण, पृथ्वी तापते आहे, समुद्र चढणार. त्याच वर्षी अमेरिकेत तेल, कोळसा, मोटारी अशा उद्योगांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअ‍ॅलिशन’ काढली. विज्ञानाची अजून खात्री नाही, घाई नको, हा तिचा घोषा. पुढे १९९८मध्ये बाहेर पडेपर्यंत शेलही तिची सभासद होती.

एक्सॉन या तेलकंपनीला तर हे त्याआधीच कळलं होतं. १९७७च्या जुलैत जेम्स ब्लॅक या त्यांच्याच शास्त्रज्ञाने वरिष्ठांना सांगितलं की इंधन जाळल्याने हवामान बदलतं आहे. कंपनीने एका तेलवाहू जहाजावर हवेतला आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजायची यंत्रं बसवली. १९८२च्या अंतर्गत आलेखात २०१९च्या सुमाराला या वायूचं प्रमाण दहा लाखांत ४१५ भागांच्या आसपास जाईल, असा अंदाज होता. तो जवळजवळ तंतोतंत उतरला. म्हणजे ‘खात्री नाही’ म्हणण्यामागे अज्ञान हे कारण नव्हे. माझ्या मते निव्वळ दुष्टपणाही नव्हे.

जमिनीखालचं तेल अजून निघालेलं नसतं, पण कंपनीच्या किमतीत ते आधीच धरलेलं असतं. ‘यातलं बरंचसं तसंच राहू द्या’ म्हणणं म्हणजे सावकाराला तिजोरीतल्या खतांवर पाणी सोडायला सांगणं. असा सावकार कोर्टात भांडत बसत नाही. तो तारीख मागतो. मग पुढची तारीख. तेवढ्यात तेल निघत असतंच.

१९९७ साली हे तारखांचं काम कसं रंगलं पाहा. जुलैत अमेरिकी सेनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला: विकसनशील देशांनीही असे वायू आवरायचं बंधन घेतल्याशिवाय आम्ही हवामानाचा करार करणार नाही. ऑक्टोबरात एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड बीजिंगला गेले आणि त्याच विकसनशील देशांना म्हणाले, असली बंधनं घेतलीत तर तुमची वाढ खुंटेल. आता उपाय करा की वीस वर्षांनी, फारसा फरक पडणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. गृहस्थ रसायन अभियांत्रिकीतले डॉक्टरेट, बरं का! इकडे म्हणायचं, ते येत नाहीत म्हणून आम्ही येत नाही. तिकडे जाऊन सांगायचं, तुम्ही येऊ नका. डिसेंबरात क्योटोचा करार झाला. अमेरिकेने तो कधीच मंजूर केला नाही.

तारखेचे पैसे कोण भरतं? ज्याचं जोतं बुटकं तो. उंच जोत्यावाल्याला पाणी दिसतं, लागत नाही. निदान त्याच्या हयातीत तरी.

ट्रोलचा फलाट १९९५मध्ये ओढत नेऊन समुद्रात उभा केला. गॅस अजून निघतो आहे.