पाणी ऑगस्टमध्ये येतं
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माईकसमोर उभं राहायची वेळ आली की शाळेत असताना मी पोट दुखतंय म्हणून घरी जायची. आज ती सोय नाही. मुलं समोरच्या रांगेत बसलीत आणि आईला पळून जाताना त्यांना बघायचंय.

संयोजकांनी मला विषय दिला, "परदेशातून सुट्टीला घरी येताना". आम्ही म्युनिकला राहतो, चौदा वर्षं झाली. वालचंदमधून इंजिनिअर झाले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग तिकडे गेले. दर डिसेंबरला आम्ही चौघं सांगलीला येतो. तेव्हा विषय सोपा आहे असं मला वाटलं होतं. लिहायला बसले तेव्हा कळलं की तो सोपा नाही.

आधी हिशेब सांगते, कारण रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न "कधी आलीस?" असतो आणि दुसरा "कधी जाणार?" तिकडे नाताळची सुट्टी साधारण दोन आठवड्यांची. शाळा बुडवून मुलांना चार दिवस आधी आणता येत नाही. शाळेत हजर राहणं तिथे कायद्यानं सक्तीचं आहे, आणि सुट्टी लागायच्या आधी मुलांना घेऊन विमानतळावर दिसलात तर पोलीस चौकशी करू शकतात, दंडही होतो. त्यामुळे सगळे एकाच वेळी निघतात आणि तिकिटं वर्षातली सगळ्यात महाग असतात. चौदा दिवसांतले तीन प्रवासात जातात. सासर नाशिकचं, तिकडे चार दिवस. एक दिवस कोल्हापूरला देवीला. उरले सहा. माझ्या आईच्या वाट्याला वर्षातले सहा दिवस.

पण ते सहा दिवस काय असतात! मुंबईहून गाडीनं निघायचं, खंबाटकी ओलांडला की मुलं झोपतात, पेठ नाक्याला वळलो की मी त्यांना उठवते. आष्ट्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागतात. सायकलवरून ऊस ओढत ओढत आपण शाळेत यायचो, हे मी मुलांना दरवर्षी सांगते आणि ती दरवर्षी विश्वास ठेवत नाहीत. आज इथले निम्मे साक्षीदार हजर आहेत, तेव्हा कृपया त्यांना सांगा. घरी पोचलो की कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा. आणि संक्रांतीला आम्ही नसतो म्हणून आईची संक्रांत २ जानेवारीला. तिळाचे लाडू होतात, मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवला जातो. माझ्या धाकटीला बरीच वर्षं वाटायचं की संक्रांत खरंच २ जानेवारीला असते.

आता मुद्द्याचं सांगते.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुम्ही तो भोगलाय. मी तो फोनवर बघितला. आयर्विन पुलाजवळची पातळी मी म्युनिकच्या ऑफिसात बसून दर तासाला बघत होते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ. आमचं घर गावभागात. बाबांना मी फोन करून म्हणत होते, बाहेर पडा. त्यांचं एकच, "२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येत नाही." त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. रात्री त्यांचा फोन लागेना. तिथून निघून यावं तर सांगलीचे रस्ते बंद होत चाललेले.

मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर एक ओळ टाकली, "आई-बाबा घरात आहेत, फोन लागत नाही." तिकडची रात्र होती. पहाटे उत्तर आलं, "दोघं माझ्या घरी आहेत. काकूंनी चहा घेतला."

ज्यानं हे लिहिलं तो आज इथे बसलाय. नाव घेऊ नको अशी त्यानं दमदाटी केलीय, म्हणून घेत नाही. त्याचं ठिबकचं दुकान त्याच पाण्यात बुडालं होतं. दुकानाचा माल हलवायचा सोडून तो बोटीतून माझ्या आई-बाबांना आणायला गेला. ती दोघं अकरा दिवस त्याच्याकडे राहिली. पाणी उतरल्यावर आपल्या वर्गातल्या तिघीजणी आणि त्यांची मुलं आमच्या घरातला गाळ काढत होती. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

डिसेंबरला आम्ही नेहमीप्रमाणे आलो. घर नवं रंगवलेलं, अंगणात रांगोळी, भरीत तयार. मी आईला म्हटलंसुद्धा, "फार काही झालेलं दिसत नाही गं." आईनं काही न बोलता कपाट जरा पुढे ओढायला लावलं. मागच्या भिंतीला रंग दिला नव्हता. पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. बाबा म्हणाले, "तुझी सुट्टी खराब नको म्हणून सगळं आधी उरकून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी चॉकलेटचा डबा घेऊन मित्राच्या दुकानात आभार मानायला गेले. त्यानं डबा घेतला, चहा मागवला, आणि म्हणाला, "चॉकलेट चांगलंय. पण एक सांगू का, राग मानू नकोस. तुम्ही सगळे डिसेंबरात येता. पाणी ऑगस्टमध्ये येतं."

मला राग आला होता. खरं सांगते, आला होता. मुलांची शाळा, नोकरी, तिकिटं, सगळी कारणं तोंडावर आली. पण त्यानं आरोप केला नव्हता, जे होतं ते सांगितलं होतं. मी डिसेंबरात ज्या घरी येत होते ते घर उरलेले अकरा महिने दुसरंच कोणीतरी सांभाळत होतं.

त्यानंतरचे दोन डिसेंबर कोरोनामुळे येणंच झालं नाही. २०२२ मध्ये बाबा गेले. तेव्हाही मी पोचेपर्यंत खांदा तुम्ही दिला होतात.

मग मी कंपनीला विचारलं. वर्षातून वीस दिवस परदेशातून काम करायची परवानगी मिळाली. आता दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मी एकटी सांगलीला येते. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात इकडचे साडेबारा. तोपर्यंतची सकाळ आईची.

पहिल्याच जुलैत मला कळलं की माझी डिसेंबरातली आई वेगळी असते. जुलैतली आई सकाळची भाकरी रात्री दुधात कुस्करून खाते. एकदा मी तिला औषधाची पट्टी वाचायला दिली, तर तिनं चाचपून गोळी काढली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सहा दिवस तिनं तो बेमालूम लपवला होता, कदाचित दोन-तीन वर्षं. त्याच मुक्कामात एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी. आता ती मला म्हणते, "तू जाड झालीयस." दिसायला लागलंय.

सुट्टीत येऊ नका असं मी म्हणत नाही. मुलांना आजी, तिळगूळ आणि उसाची ट्रॉली डिसेंबरातच भेटणार, आणि ते त्यांना मिळायलाच हवं. पण आईवडिलांची खरी तब्येत सुट्टीत दिसत नाही. आपण येणार म्हणून ते महिनाभर तयारी करतात आणि आपल्याला तयारी केलेलं घर दिसतं. जमेल त्यानं वर्षातून एकदा तरी साध्या दिवसांत यावं, न कळवता आलं तर आणखी बरं.

दुसरी गोष्ट इथे राहिलेल्यांसाठी. आम्ही तुम्हाला गृहीत धरलं. एकाच माणसाच्या फोनवर आठ घरांचे आईवडील असतात, आणि त्याचे स्वतःचेही असतात. हे बरोबर नाही.

म्हणून दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलीय. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून सगळ्यांना वाटलं असेल की ॲप काढणार. नाही, वहीच. गावात ज्यांचे आईवडील एकटे आहेत त्यांनी पत्ता आणि डॉक्टरांचा फोन लिहावा. बाहेरगावी असलेल्यांनी डिसेंबर सोडून कोणत्या महिन्यात येता येईल ते लिहावं. ज्या महिन्यात जो येईल, त्यानं आपल्याबरोबर आणखी दोन घरी जाऊन यायचं. चहा प्यायचा, औषधाची पट्टी वाचायला द्यायची.

जुलैच्या रकान्यात माझं नाव मी लिहिलंय. ऑगस्टचा रकाना अजून रिकामा आहे.