रक्तातला पहारा



आपण बसलो आहोत ते उल्हासनगर कॅम्प नं. ३. याला कॅम्प का म्हणतात, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना त्याच बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव पडले. आता छावणी म्हटली की पहारा आलाच. आपल्या रक्तातही असा पहारा आहे. त्याचीच गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

रक्तात पांढऱ्या पेशी असतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पायात काटा मोडला की त्या धावून जातात आणि रोगजंतूंना गिळतात. हे मेचनिकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जखम सुजते, ठणकते, ती याच झटापटीमुळे. चार दिवसांनी सूज उतरते.

रक्तवाहिनीच्या भिंतीत मात्र ही झटापट संपत नाही. विडीचा धूर, वाढलेला रक्तदाब, मधुमेह यांनी भिंतीचे आतले अस्तर बिघडते. रक्तातली चरबी त्यातून आत शिरते. पहारेकरी येतात आणि ती गिळतात. पण ती त्यांना पचत नाही. ते फुगतात, तिथेच मरतात. मरता मरता आणखी पहारेकऱ्यांना बोलावतात. अशी वर्षानुवर्षे गाठ वाढते. उन्हात पडलेल्या रबरी नळीसारखी भिंत ताठ होते. हे तरुणपणीच सुरू होते, आणि दुखत काहीच नाही! गाठ फुटली की तिच्यावर रक्त गोठते. हृदयाची वाट अडली तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूची अडली तर लकवा.

वय झाले की पहारेकरीही म्हातारे होतात. खरा जंतू उशिरा ओळखतात, पण बारीकसारीक कारणाने चिडतात. (घरच्या म्हाताऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.)

तुम्ही म्हणाल, मग या पहारेकऱ्यांना गप्प करणारे औषध द्या की! तेही करून पाहिले आहे. पूर्वी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रोग्यांवर अशा औषधाची परीक्षा झाली. २०१७ साली निकाल लागला. झटके थोडे कमी झाले. पण जंतूंच्या रोगाने मरणारे वाढले. पहारा ढिला पडला, दुसरे काय? म्हणून ते औषध हृदयविकारावर सरसकट दिले जात नाही.

तेव्हा पहारेकऱ्यांना चिडवणारी कारणेच कमी करावी लागतात. विडी सोडली की त्याचा गुण लवकर दिसतो, मग वय साठ का असेना. रक्तदाब मोजायला दोन मिनिटे पुरतात. डॉक्टरांनी चरबी कमी करणारी गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नये. त्या गोळीने भिंतीतली धुसफूसही कमी होते.

आणि छातीवर दडपण आले, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर वायू धरला म्हणून ओवा चावत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. सरकारी मध्यवर्ती रुग्णालय इथे कॅम्प तीनमध्येच आहे. अंबरनाथ-बदलापूरकडच्या मंडळींनी जवळ असेल ते रुग्णालय आजच विचारून ठेवावे. रात्री गाडी कोणाची मिळेल, तेही.