तंबाखू न खाणाऱ्याच्या मानेतली गाठ



भोपाळच्या गोविंदपुऱ्यात कारखान्याची शिफ्ट सुटली की पानाच्या गुमटीवर काय चालतं, ते तुम्ही रोज पाहता. मध्य प्रदेशात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. तेव्हापासून पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक, अशा दोन पुड्या मिळतात. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करतं आणि बंदी तिथंच संपते. वायुदुर्घटनेनंतर भोपाळच्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयात कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. तिच्यात पुरुषांमध्ये तोंडाचे आणि जिभेचे कर्करोग वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहेत. मुख्य कारण तंबाखूच, याबद्दल शंका नको.

आज मात्र सुपारीचं खांडही तोंडात न टाकणाऱ्यांबद्दल बोलायचंय. सकाळी दाढी करताना जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटाला गाठ लागते. दुखत नाही, ताप नाही. ‘सर्दीनं आली असेल’ म्हणत महिना जातो. मग ‘टीबीची असेल’ म्हणून सुईची तपासणी न करताच गोळ्या सुरू होतात. मानेत टीबीच्या गाठी आपल्याकडे पुष्कळ निघतात, हे खरं. पण एखाद्या गाठीचं मूळ टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या अगदी बुडाशी असतं, आणि तिथल्या पेशी बिघडवलेल्या असतात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूनं, म्हणजे एचपीव्हीनं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो याच विषाणूमुळे. ते दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. घशात प्रामुख्यानं आढळतो तो या विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार. पेशींच्या वाढीला आवर घालणारी आपली प्रथिनं तो निकामी करतो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावतं. थोड्यांच्यात तो ठाण मांडतो आणि कर्करोग उगवतो कित्येक वर्षांनी. लागण शरीरसंबंधातून होते, मुखमैथुनातूनही. रेडिओवर हे बोलताना जीभ अडखळते, पण सांगायला हवं. आणि निदान झालं म्हणून घरात कुणी कुणावर संशय घेऊ नये. लागण लग्नाआधीची, वीस वर्षांपूर्वीचीही असू शकते.

अमेरिकेत टॉन्सिलच्या भागातले बहुतेक कर्करोग आता एचपीव्हीचे आहेत. आपल्याकडे त्याचा वाटा तंबाखूपुढे लहान आहे. तंबाखूच्या कर्करोगापेक्षा हा उपचारांना चांगली दाद देतो, म्हणून बायोप्सीबरोबर एचपीव्हीचा माग काढणारी ‘पी-16’ ही तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस 2023 पासून मिळते. ती 9 ते 26 वयाच्या मुलींप्रमाणे मुलग्यांसाठीही मंजूर आहे. मुलग्यांचे पालक मात्र अजून विचारायलाही येत नाहीत. झालेली लागण लस बरी करत नाही, म्हणून ती वेळेवर द्यायची.

मानेतली गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर व्यसन असो वा नसो, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.