कपाळावरचं तेल



आपल्या गावांतून मुंबईला घरकामाला गेलेल्या बायका सुट्टीला आल्या की कामाच्या घरच्या गोष्टी सांगतात. त्यातला एक प्रश्न आमच्याकडे दोन-तीनदा आला. ख्रिस्ती घरातलं पोर मोठं झालं की बिशप चर्चमध्ये येऊन त्याच्या कपाळाला तेल लावतात, ते कशासाठी? मुंबई कशाला, आपल्याच रायगडात, मुरूड तालुक्यात, कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती आहे. ती माणसं घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली बोली बोलतात. म्हणजे हा विधी काही परक्यांचा नाही.

त्याला दृढीकरण म्हणतात. तान्हेपणी बाप्तिस्मा होतो, तेव्हा होकार आईबाप देतात. पोर जाणतं झालं की तोच होकार स्वतःच्या तोंडाने देतं.

तेल असतं ऑलिव्हचं, त्यात बाल्सम नावाचा सुगंधी चीक मिसळतात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, किंवा त्याच्या आसपास, बिशप ते मंत्रून ठेवतात आणि तेच गावोगावच्या चर्चमध्ये जातं. तेलाचा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको. बाळंतिणीला, बाळाला, तालमीतल्या पैलवानाला आपण तेल कशाला लावतो? अंगात बळ यावं म्हणून. जुन्या काळी राजालाही तेलाचा अभिषेक होई. सुगंध यासाठी, की माणसाचं वागणं न सांगता चार घरं कळावं.

आधी बिशप हात पुढे धरून प्रार्थना करतात. मग अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मोहोर घे, अशा अर्थाचं बोलतात. मोहोर म्हणजे शिक्का. गटाच्या ठरावावर शिक्का पडला की ठराव पक्का, तसंच. हा शिक्का आयुष्यात एकदाच बसतो, पुन्हा मारत नाहीत. पूर्वी बिशप गालावर हलकी चापटही मारत, पुढे सोसावं लागेल याची आठवण म्हणून. १९७१ साली विधी बदलला, त्यात ती चापट गेली. आम्हाला विचाराल तर बरं झालं. आता फक्त ‘तुला शांती लाभो’ म्हणतात. त्या दिवशी लाल रंग दिसतो तो अग्नीचा. येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांसारखा उतरला, अशी बायबलमधली कथा आहे.

मुलाच्या मागे एक मोठं माणूस खांद्यावर हात ठेवून उभं राहतं. ते आईबापांपैकी चालत नाही. मावशी, शेजारीण, कुणीही श्रद्धावान बाई चालते. ती विधवा असली तरी चालते, आणि तेल लावून घेणारी स्वतः विधवा असली तरी तिच्या कपाळाला तेच तेल लागतं.

इथे आम्ही अडखळलो. कारण कपाळावरची खूण आपल्याकडेही आहे. संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू होतं, वाण गटाच्या पैशातून येतं. त्या पैशात विधवा सभासदांचीही बचत असते, आणि त्याच बाहेर ओट्यावर बसतात. चहा त्यांना मिळतो, कुंकू नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कागद आले. ओट्यावरच्या बायका अजून ओट्यावरच आहेत.

कुणी म्हणेल, सासूबाई काय म्हणतील. सासूबाईही गटात आहेत की, त्यांनाच विचारा. येत्या मासिक बैठकीत विषय घ्या, ‘संक्रांतीचं वाण आणि कुंकू कुणाकुणाला’. ज्यांना नको असेल त्यांच्यावर जबरदस्ती नको, पण विचारायचं प्रत्येकीला, नाव घेऊन. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि वर गटाचा शिक्का मारा.