डॉक्टर डूलिटल : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

पहिल्या महायुद्धात ह्यू लॉफ्टिंग हा इंग्रज गृहस्थ आघाडीवर होता आणि घरी मुले त्याच्या पत्रांची वाट पाहत होती. खंदकातले वर्तमान मुलांना कळवण्याजोगे नव्हते. एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला लागून राहिली. जखमी शिपायावर उपचार होत. जखमी घोड्याला गोळी घालीत. घोड्यावर उपचार करायचे, तर त्याची भाषा यावयास हवी! या विचारातून प्राण्यांशी बोलणारा डॉक्टर जन्मला आणि १९२० साली पुस्तकरूपाने जगापुढे आला.

१९६७ साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्याला पडद्यावर आणले. खर्च सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर, दिग्दर्शक रिचर्ड फ्लाइशर, नायक रेक्स हॅरिसन, आणि दिमतीला शिकवलेल्या प्राण्यांचा ताफा. चित्रपटाला ऑस्करची दोन पारितोषिके मिळाली, पण तिकीटबारीवर तो कोसळला.

असे का व्हावे? मूळ कथेत नसलेली एक तरुणी येथे आणली आहे. तिच्यामुळे प्रेमकथा सुरू होते, पण ती धड फुलत नाही आणि संपतही नाही. पतीच्या ओढीने झुरणाऱ्या सोफी नावाच्या सील मादीला डॉक्टर स्त्रीवेषात पळवून नेतो आणि कड्यावरून समुद्रात सोडतो. पाहणाऱ्यांना वाटते, बाईचा खून झाला! हा विनोदी प्रसंग लॉफ्टिंगच्या पुस्तकांतही आहे. चित्रपटातला डॉक्टर मात्र तिला सोडण्यापूर्वी हळवे प्रेमगीत गातो. मुलांनी हसावे, की मोठ्यांनी डोळे पुसावेत? अनेक टेबलांवरून फिरून आलेल्या सरकारी टिपणासारखी चित्रपटाची अवस्था होते : प्रत्येकाने भर घातलेली, आणि मूळ म्हणणे हरवलेले.

लॉफ्टिंगच्या पुस्तकात आज खटकतील अशा जागा आहेत, विशेषतः आफ्रिकी माणसांच्या चित्रणात. ते लपवण्याचे कारण नाही. तरी आपण कोणाशी बोलतो आहोत, याविषयी त्याच्या मनात संभ्रम नव्हता. बाप मुलांना सांगत होता, आणि घोड्याचे दुःख त्याला खरे वाटत होते.

त्याच पुस्तकात नांगराचा एक घोडा डॉक्टरकडे येतो. दुसरा वैद्य सहा आठवडे त्याच्या पायावर इलाज करीत असतो. घोडा म्हणतो, मला दिसत नाही. मला चष्मा हवा! पायावरच्या त्या उपचारांची आठवण हा चित्रपट पाहताना सारखी होते.