आजी, रुपयात किती आणे दुखतंय?

खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दुखण्याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. ऑपरेशन कसं करतात ते डॉक्टरांचं काम. ऑपरेशन होऊन माणूस नगरहून किंवा लोणीहून घोडेगावला घरी आला, गाडीतून उतरवून खाटेवर निजवला, त्यानंतरचं काम आपलं. त्याबद्दल बोलू.

न्हाणीत पाय घसरतो, उंबऱ्याला ठेच लागते आणि खुबा मोडतो. कुणाला रॉड टाकतात, कुणाचा गोळा बदलतात. घरी आल्यावर भेटायला येणारं प्रत्येक जण सांगतं, "आता पडून राहा, हलू नका." सल्ला मायेचा आहे, पण ऐकण्यासारखा नाही. हाड पक्कं करतात तेच मुळी माणसानं उठावं, चालावं म्हणून. बहुतेकांना तर दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी उभं करतात. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. बऱ्याचदा म्हातारं माणूस दगावतं ते यानं.

मग आजी उठत का नाही? दुखतं म्हणून. आणि दुखतंय हे ती सांगत नाही, कारण जन्मभर सोसायचीच सवय. खाटेजवळ जाऊन "दुखतंय का?" विचारलं तर "नाही गं बाई" म्हणते. पडल्या पडल्या खरंच कमी दुखतं. म्हणून हा प्रश्न हलताना विचारायचा: कुशीवर वळताना, उठून बसताना, पाय जमिनीला टेकताना. डॉक्टर दहापैकी किती असं विचारतात. आपल्याकडच्या आज्यांना आण्यांचा हिशेब जवळचा. "आजी, रुपयात किती आणे दुखतंय?" चार आणे म्हणाली तर चालवून घ्या. बारा आणे म्हणाली तर औषध पुरत नाही, डॉक्टरांना फोन करायचा. रोजचे आणे कॅलेंडरवर लिहून ठेवा, तपासणीला जाताना ते पान बरोबर न्या.

दुखण्याला आपल्याकडे शब्दही किती आहेत. ठणका लागतो, सणक जाते, आग होते, मुंग्या येतात. आजी जो शब्द वापरेल तोच डॉक्टरांना सांगा. आग आणि मुंग्या शिरेच्या दुखण्याच्या असू शकतात, त्याचं औषध वेगळं असतं.

काही म्हातारी माणसं ऑपरेशननंतर भ्रमात जातात, रात्री बरळतात, घरच्यांना ओळखत नाहीत. लगेच "वेड लागलं" किंवा "बाहेरचं झालं" म्हणू नका. न शमलेलं दुखणं, तुंबलेली लघवी, साठलेला शौच, ताप, अंगातलं कमी झालेलं पाणी, कधी औषधसुद्धा, अशी कारणं त्यामागे असतात. ज्यांना सांगता येत नाही त्यांचा चेहरा बघा. कपाळाला आठी, पाय लावू न देणं, कण्हणं, जेवण टाकणं, हे सगळं दुखण्याचंच बोलणं आहे.

२०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या २,९७० रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यात भारतातलेही रुग्ण होते. ज्यांचं ऑपरेशन काही तासांतच झालं त्यांच्यातलं मरणाचं प्रमाण कमी झालं नाही, पण भ्रम कमी जणांना झाला आणि ती माणसं लवकर उभी राहिली. म्हणून "अमावास्या जाऊ द्या" म्हणत ऑपरेशन लांबवू नका. दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा, "जांघेत बधिर करायचं इंजेक्शन देता येईल का?" त्यानं काही तास बरा आराम मिळतो.

आता गोळ्यांचं. साधी पॅरासिटामॉल हीच पहिली गोळी. पण ती "दुखलं तर घे" अशी नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच द्यायची. चालवायच्या अर्ध्या-पाऊण तास आधी गोळी पोटात गेलेली असली की पाय उचलतो. कांदा काढणीच्या दिवसांत आपण सकाळीच रानात जातो. दुपारची गोळी कोण देणार? शेजारणीला सांगून ठेवा, नाहीतर शाळेतून आलेल्या नातीला. गटातल्या बायांनी पाळी लावून घेतली तर उत्तमच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, दोन्ही मिळून डोस जास्त होतो. अंगानं बारीक आजीला डोस कमी लागतो, म्हणून वजन डॉक्टरांना सांगा.

दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनानं आणू नका. म्हातारपणी ती मूत्रपिंडाला आणि पोटाला भारी पडते, बीपी वाढवते. ट्रामाडॉल डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर द्या, पण तिनं गरगरतं, शौच घट्ट होतो. पाणी, भाजी वाढवा, उठताना हात धरा.

ऑपरेशनच्या पायाला तेल लावून रगडायचं नाही, गरम विटेचा शेक नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, जखम ओली होऊ न देता, चालतो. गोळा बदललेला असेल तर पाटावर किंवा मांडी घालून बसायचं का, हे डॉक्टरांना विचारूनच.

दुखणं आठवड्यागणिक उतरायला हवं. उतरलेलं दुखणं एकाएकी वाढलं, पाय आखूड किंवा वाकडा दिसू लागला, जखमेतून पू आला, ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी सुजून दुखायला लागली तरी तेच. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.